भिंतीवरचे चित्र आणि उंटाची दोरी

आमच्या मोहल्ल्यातल्या एका घरात, पुढच्या खोलीत, मक्का-मदिनेच्या तसबिरीखाली एक पुठ्ठा टांगलेला आहे. २०१० सालापासून तो तिथे आहे. टीव्हीच्या खोक्याचा हा पुठ्ठा. त्यावर मासिकांतून कापलेली चित्रे खळीने चिकटवलेली आहेत. छपरावर दिवा असलेली पांढरी अँबॅसिडर, पुढे बाग असलेला बंगला, कपड्यांच्या जाहिरातीतला कोटवाला तरुण आणि त्या तरुणाच्या चेहऱ्याच्या जागी त्या घरातल्या मुलाचा पासपोर्ट फोटो. वर स्केचपेनने लिहिलेले आहे, 'मी उपजिल्हाधिकारी आहे.' होणार आहे असे नव्हे, आहे. वर्तमानकाळातच लिहायचे, अशी त्याला शिकवण मिळाली होती.

हा मुलगा आमच्या अभ्यासिकेतला. मशिदीच्या मागे दोन खोल्या होत्या, त्यांत पूर्वी जनाजाचे सामान आणि मोडक्या चटया पडलेल्या असत. त्या साफ करून आम्ही काही जणांनी तिथे टेबले मांडली. आमच्यात दोन निवृत्त शिक्षक, एक बँकेतला कारकून, एक मोटारी दुरुस्त करणारा. स्पर्धा परीक्षेतले आम्हांला फारसे कळत नाही, पण दिवे, पंखा, वर्तमानपत्रे आणि शांतता एवढे देता येते. घरी एका खोलीत सात माणसे असली की शांतता ही चैनीची वस्तू होते.

त्या वर्षी शहरातल्या एका मंगल कार्यालयात दोन दिवसांचे शिबिर झाले. फी १,८०० रुपये. मुलाच्या अम्मीने भिशीतून पैसे उचलून दिले. शिबिरात डोळे मिटून बसवले. पाहिजे ते आयुष्य मनात उभे करा, त्याचा रंग पाहा, वास घ्या, गाडीचे दार उघडल्याचा आवाज ऐका, असे सांगितले. तीन पायऱ्या पाठ करून घेतल्या : मागा, विश्वास ठेवा, स्वीकारा. आणि घरी जाऊन पुठ्ठ्यावर चित्रे लावायला सांगितली. तो मुलगा परतला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असे तेज होते की आम्हांला, खरे सांगायचे तर, हेवा वाटला. आम्ही त्याला दोन वर्षे पंखा आणि वर्तमानपत्रे दिली होती. तेज काही देऊ शकलो नव्हतो.

पूर्वपरीक्षेत तो एकदा नापास झाला, मग दुसऱ्यांदा. दुसऱ्या निकालाच्या संध्याकाळी तो अभ्यासिकेत आला, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला आणि म्हणाला, "किताबां तो पूरे पढ्या मैं, चाचा. यकीनच कम पड्या."

हे वाक्य आम्ही विसरू शकलेलो नाही. अभ्यास कमी पडला असे तो म्हणाला असता तर आम्ही वेळापत्रक घेऊन बसलो असतो. नशीब खोटे म्हणाला असता तर रागावलो असतो. पण यकीन? हा शब्द आमच्या घरांत परीक्षेसाठी वापरत नाहीत. तो अल्लाहवरच्या विश्वासासाठी वापरतात. नापास झालेल्या पोराने आपला गुन्हा शोधला, तो थेट ईमानाच्या शेजारी जाऊन सापडला. एका परीक्षेच्या निकालाने त्याला जणू अधर्मी ठरवले होते. कल्पनेत चित्र रंगवल्याने हवे ते आयुष्य मिळते काय, हा प्रश्न त्या दिवसापर्यंत आम्ही गमतीचा समजत होतो. त्या दिवसापासून तो गमतीचा राहिला नाही.

ही कल्पना आली कुठून? ती फार जुनी नाही आणि आपल्या मातीतलीही नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात फिनिआस क्विम्बी नावाचा एक घड्याळजी होता, १८६६ साली वारला. आजार हा मनातल्या चुकीच्या समजुतीतून येतो, समजूत पालटली की आजार जातो, असे तो मानी. त्याच्या भोवतालच्या आणि नंतरच्या मंडळींनी ही गोष्ट शरीरावरून पैशावर नेली. वॉलेस वॉटल्स यांचे श्रीमंत होण्याच्या शास्त्रावरचे पुस्तक १९१० चे. नेपोलियन हिल यांचे 'थिंक अँड ग्रो रिच' १९३७ चे, म्हणजे अमेरिकेत मंदीने लाखो माणसे बेकार झालेली होती त्या काळातले. नॉर्मन व्हिन्सेंट पील हे पाद्री, त्यांचे सकारात्मक विचारांवरचे पुस्तक १९५२ चे. आणि २००६ साली ऑस्ट्रेलियाच्या ऱ्हाँडा बर्न यांनी वॉटल्सचे ते जुने पुस्तक वाचून 'द सीक्रेट' काढले. आधी चित्रफीत, मग पुस्तक. ते मराठीतही आले. विचारांना लहरी असतात, सारख्या लहरी सारख्या गोष्टींना ओढून आणतात, म्हणून जे मनात धराल ते तुमच्याकडे येईल, असा त्याचा गाभा. बेकारीच्या दिवसांत असली पुस्तके खपावीत यात आम्हांला नवल वाटत नाही. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला निदान डोके आहे, आणि डोक्यातच सारे आहे असे कोणी सांगितले तर ते ऐकावेसे वाटणारच.

यात सगळेच खोटे आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही. मनात केलेल्या सरावाचा शरीरावर परिणाम होतो, हे प्रयोगांनी दाखवले आहे. १९९२ साली यू आणि कोल या दोन संशोधकांनी काही माणसांना चार आठवडे करंगळीचा व्यायाम करायला लावला, आणि काहींना तो व्यायाम नुसता मनात करायला लावला. करंगळी हलवायचीच नाही. पहिल्यांची ताकद सुमारे ३० टक्के वाढली, दुसऱ्यांची सुमारे २२. पियानोच्या बोटांचा सराव मनात केला तरी मेंदूतली संबंधित जागा बदलते, हे १९९५ साली पास्क्वाल-लिओन यांनी दाखवले. आमच्यातला मोटार दुरुस्त करणारा मित्र हे ऐकून हसला. गिअरबॉक्स उघडण्याआधी तो विडी ओढत पाच मिनिटे नुसता बघत बसतो, तेव्हा त्याचा शागीर्द समजतो की उस्ताद आराम करतोय. उस्तादाने तोवर मनात सगळे नट काढून परत बसवलेले असतात.

पण यात एक मेख आहे. करंगळीवाल्यांनी करंगळी हलवण्याचे चित्र पाहिले; सोन्याची अंगठी घातलेल्या करंगळीचे नाही. १९९९ साली लिएन फाम आणि शेली टेलर यांनी परीक्षेच्या तोंडावर असलेल्या विद्यार्थ्यांवर हाच फरक तपासला. काहींना सांगितले, चांगले गुण मिळालेत, छाती फुगली आहे, असे रोज मनात बघा. काहींना सांगितले, तुम्ही टेबलाशी बसला आहात, पुस्तक उघडले आहे, दूरदर्शन बंद केला आहे, असे बघा. दुसऱ्या गटाने अभ्यास लवकर सुरू केला आणि गुणही जास्त मिळवले. पहिल्या गटाचा अभ्यासच कमी झाला. जर्मनीत गाब्रिएले ओटिंगेन यांनी पदवी संपत आलेल्या मुलांना नोकरीविषयी विचारले आणि दोन वर्षांनी पुन्हा गाठले. ज्यांनी नोकरीची गोड स्वप्ने जास्त रंगवली होती त्यांनी अर्जच कमी केले होते, त्यांना बोलावणी कमी आली होती आणि पगारही कमी होता. हे संशोधन २००२ चे. पुढे त्यांनी असेही दाखवले की गोड चित्र रंगवताना माणसाचा रक्तदाब खाली येतो. अंग सैलावते. काम फत्ते झाले अशी त्याची समजूत होते, मग ते कशाला उठेल? आमच्या पोराच्या चेहऱ्यावरचे तेज आठवले की आता वाटते, ते पोहोचलेल्या माणसाचे तेज होते. निघालेल्या माणसाचे नव्हते.

ओटिंगेनबाईंनी आणखी एक फरक केला आहे तो महत्त्वाचा. स्वप्नरंजन वेगळे आणि अपेक्षा वेगळी. आपण आजवर काय केले, त्यावरून पुढे काय जमेल असे ज्यांना वाटत होते, त्या मुलांचे भले झाले. हा फरक वाचला तेव्हा आम्हांला इमाम गझाली आठवले. इथे थोडे थांबून सांगतो. जगात काही शोध लागला की तो आपल्या ग्रंथात आधीच होता, असे म्हणण्याची आपल्या समाजाला खोड आहे. त्या खोडीने आपल्याला प्रयोगशाळेपासून दूर ठेवले. तेव्हा गझालींनी रक्तदाब मोजला नव्हता, हे आधी मान्य करू. पण माणसे मात्र त्यांनी पाहिली होती. ११११ साली वारलेल्या या माणसाने 'इह्या'मध्ये आशेवर एक प्रकरण लिहिले आहे आणि त्यात शेतकऱ्याचा दाखला दिला आहे. ज्याने चांगल्या जमिनीत चांगले बी पेरले, वेळेवर पाणी दिले, तण काढले आणि मग पिकाची वाट पाहिली, त्याच्या वाट पाहण्याला ते 'रजा' म्हणतात, आशा. ज्याने खडकाळ, उंच, पाणी न पोहोचणाऱ्या जागी बी फेकले आणि मशागत केली नाही तरी वाट पाहत बसला, त्याची ती भूल. आणि ज्याची जमीन चांगली, बी चांगले, पण पाण्याची सोय नाही आणि पाऊस पडण्याची शक्यता नाही तरी नाही असेही नाही, त्याचे वाट पाहणे म्हणजे 'तमन्नी', नुसती इच्छा. तिघेही बांधावर बसून एकाच हिरव्या शेताचे चित्र डोळ्यांपुढे आणतात. चित्रात काही फरक नाही. फरक त्या चित्राच्या मागे काय पेरले आहे त्यात आहे.

'तमन्ना' हा शब्द गाण्यांनी आपल्याकडे फार गोड करून ठेवला आहे. कुरआनात त्याचा सूर वेगळा आहे. सूरह नज्ममध्ये सवाल येतो की माणसाला जे जे हवेसे वाटते ते ते मिळतेच काय? आणि त्याच सूरहमध्ये पुढे येते की माणसाच्या वाट्याला त्याच्या धडपडीखेरीज काही नाही. सूरह निसामध्ये मुसलमानांना आणि इतर ग्रंथधारकांना एका ओळीत उभे करून बजावले आहे की तुमच्या इच्छेने काही चालत नाही, त्यांच्याही नाही. आम्ही लहानपणी हे सारे अरबीत पाठ केले. अर्थ कळायला नोकरीतून निवृत्त व्हावे लागले, हे आमचे दुर्दैव.

लोककथांनीही या विषयाचा निकाल कधीच लावून टाकला आहे, असे कोणी म्हणेल. शेखचिल्ली आपल्या सर्वांच्या ओळखीचा. त्याचा पूर्वज पंचतंत्रातला, सातूच्या पिठाचे मडके टांगून त्याखाली निजणारा ब्राह्मण. हा ब्राह्मण पहलवी भाषेतून अरबीत गेला. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा यांनी 'कलीला व दिम्ना' रचले, त्यात तो फकीर झाला आणि पिठाच्या जागी मध-लोणी आले. 'अलिफ लैला'तल्या न्हाव्याच्या भावाकडे काचेची भांडी होती, वारशाच्या शंभर दिरहमांत घेतलेली. तिघांनीही मनात संसार मांडला, तिघांनीही मनातच कुणाला तरी काठी किंवा लाथ मारली, आणि तिघांचाही माल फुटला. ही गोष्ट भारतातून बगदादला गेली आणि कुठेही परकी वाटली नाही.

पण या गोष्टी पुन्हा वाचताना आम्हांला एक गोष्ट खटकते. हसू नेहमी ज्याच्याकडे एकच मडके आहे त्याच्यावरच येते. ज्याच्याकडे कोठार आहे तोही स्वप्ने पाहतो. त्याच्या स्वप्नांना योजना म्हणतात आणि त्यांवर बँक कर्ज देते. दाभोळपासून श्रीवर्धनपर्यंतच्या कोकणातल्या मोहल्ल्यांत १९७० नंतर पोरे आखाती देशांत जाऊ लागली, तेव्हा त्यांच्याही डोळ्यांपुढे चित्रच होते : लाल चिऱ्याचे घर, वर गच्ची, बहिणींची लग्ने. ते चित्र नसते तर पन्नास अंशांच्या उन्हात कोण उभा राहिला असता? कित्येकांची घरे झाली. त्यांतल्या कित्येक घरांना आज कुलूप आहे हेही खरे, पण ती गोष्ट निराळी. गरिबाने चित्र पाहू नये, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांत आमची भर नको.

मालेगावचे उदाहरण आम्ही अभ्यासिकेत नेहमी सांगतो. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. काम करणारे सगळे गावातलेच. कोणी यंत्रमागावर, कोणी दुकानात. पुढे त्यांनी सुपरमॅनवर सिनेमा काढला, त्यावर फैझा अहमद खान यांनी माहितीपट केला. कॅमेरा सरकवायला रूळ नाहीत तर सायकल घेतली, उंचावरून चित्र घ्यायला क्रेन नाही तर बैलगाडीचा उपयोग केला. या माणसांनी मुंबईचे चित्र भिंतीवर लावून वाट पाहिली नाही. चित्र डोक्यात होते म्हणूनच बैलगाडी त्यांना क्रेनसारखी दिसली. आमच्यासारख्याला बैलगाडीच दिसली असती. कल्पनेचा खरा उपयोग आम्हांला इथे दिसतो. आणि त्या सिनेमात सुपरमॅन झालेला, मागावर काम करणारा बारीक अंगाचा शफीक, तोंडाच्या कर्करोगाने गेला. त्याने मनात तसले काही धरले होते म्हणून ते आले, असे त्याच्या घरी जाऊन कोण सांगेल?

पण आकर्षणाचा तो तथाकथित नियम हेच सांगतो. हवे ते विचाराने येते असे एकदा मानले की नको ते आले तेही विचारानेच आले, हे मानावे लागते. बर्न यांच्या पुस्तकाने यातून अंग काढून घेतलेले नाही. मोठ्या दुर्घटनांत एकदम मेलेल्या माणसांच्या विचारांच्या लहरी त्या घटनेशी जुळल्या असाव्यात, असा खुलासा त्यात केलेला आहे. हे पान वाचून आम्ही पुस्तक मिटले. २००६ च्या ८ सप्टेंबरला, जुम्याच्या नमाजेनंतर, शब-ए-बरातच्या दिवशी मालेगावच्या बडा कब्रस्तानात बॉम्ब फुटले. ३० हून अधिक माणसे मेली. ती आपल्या मयतांसाठी दुआ मागायला गेली होती. कोणत्या लहरी होत्या त्यांच्या मनात? पुढे त्याच गावच्या तरुणांना या प्रकरणात पकडले. काही वर्षे तुरुंगात काढून ते जामिनावर सुटले आणि २०१६ साली न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. त्या तरुणांनी कोठडीत रोज सुटकेचेच चित्र पाहिले असेल. चित्राने सुटका झाली असती तर वकील कशाला लागले असते?

योगायोग असा की 'द सीक्रेट' पुस्तकरूपाने आले तो २००६ चा नोव्हेंबर महिना, आणि न्यायमूर्ती सच्चर यांच्या समितीचा अहवाल सरकारला सादर झाला तोही तोच महिना. एकाने सांगितले की तुम्ही जे आहात ते तुमच्या विचारांमुळे. दुसऱ्याने सांगितले की लोकसंख्येत १३.४ टक्के असलेल्या समाजाचे भारतीय प्रशासकीय सेवेत ३ टक्के लोक आहेत, पोलीस सेवेत ४ टक्के, परराष्ट्र सेवेत १.८ टक्के, साक्षरता देशाची ६५.१ तर मुसलमानांची ५९.१. पहिले पुस्तक मंगल कार्यालयांत पोहोचले. दुसरा अहवाल आमच्या अभ्यासिकेत आहे, त्यावर धूळ असते. आमच्या पोराने पुठ्ठ्यावर जी गाडी चिकटवली तिच्यापर्यंतचा रस्ता कुठे कुठे खचला आहे, हे त्या अहवालात पानोपानी लिहिले आहे. तो वाचून तो पास झाला नसताच. पण नापास झाल्यावर यकीन कमी पडले असे म्हणाला नसता.

अर्थात अहवाल दाखवून हातावर हात ठेवणारेही आमच्यात आहेत. तकदीर या शब्दाच्या सावलीत आमच्या कितीतरी पिढ्या झोपल्या. शिबिरवाले त्यांना हलवून जागे करतात, एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे. आमचे भांडण जागे केल्यावर काय सांगतात त्याच्याशी आहे.

अलीकडे आमचेच काही वक्ते हा नियम धर्माच्या वेष्टनात बांधून देतात. बंदा माझ्याविषयी जसे गुमान बाळगतो तसा मी त्याच्याशी असतो, या आशयाची हदीस-ए-कुदसी आहे. ती सांगून ते म्हणतात, बघा, चांगले चिंतले की चांगले मिळते! आम्ही आलिम नाही, पण एवढे कळते की हे गुमान अल्लाहच्या दयेविषयीचे आहे, अँबॅसिडरविषयीचे नाही. अल्लाह दयाळू आहे असे मानणे वेगळे आणि तो माझ्या पुठ्ठ्याला बांधील आहे असे मानणे वेगळे. दुआ ही कुणाकडे तरी मागायची असते आणि ज्याच्याकडे मागायचे तो नाही म्हणू शकतो. नाही म्हणू शकत नसेल तर ते मागणे राहत नाही, यंत्रात नाणे टाकणे होते. 'स्वीकारा' ही तिसरी पायरी दुआत आपल्या हाती नाही.

इस्तिखाऱ्याचेच बघा. दोन रकात नफल पढून जी दुआ मागायची तिचा आशय असा की हे काम माझ्या धर्माला, जगण्याला, शेवटाला भले असेल तर ते मला सोपे कर. वाईट असेल तर ते माझ्यापासून दूर कर, मलाही त्याच्यापासून दूर कर, आणि भले जिथे असेल ते दे आणि त्यात मला राजी ठेव. मोहल्ल्यात इस्तिखारा म्हणजे रात्री स्वप्नात हिरवे दिसले की हो, काळे दिसले की नाही, असा समज आहे. ती सोडत झाली. मूळ दुआत जे आहे ते शिबिरातल्या शिकवणुकीच्या अगदी उलट आहे. तिथे सांगतात, इच्छा घट्ट धर. इथे माणूस मागता मागता म्हणतो, इच्छा चुकीची असेल तर माझे मन तिच्यावरून काढ. आपल्याला काय हवे आहे हे आपल्याला नीट कळते, यावर एकाचा विश्वास आहे. दुसऱ्याला तशी खात्री नाही. आमचे म्हणाल तर पंचविसाव्या वर्षी आम्हांला जे हवे होते ते सगळे मिळाले असते तर आज आम्ही कुणाला तोंड दाखवले नसते.

चित्र पैगंबरांनीही (स.) काढले होते. बुखारींच्या संग्रहात हदीस आहे. त्यांनी जमिनीवर एक चौकोन काढला, मधून एक रेघ ओढली ती चौकोनाबाहेर गेली, आणि त्या रेघेच्या बाजूला बारीक बारीक रेघा ओढल्या. मग समजावले की हा माणूस, हा चौकोन त्याचा मृत्यू, बाहेर गेलेली रेघ म्हणजे त्याची आशा, आणि या बारीक रेघा म्हणजे संकटे. एक चुकली तर दुसरी गाठते. इच्छेचे इतके खरे चित्र आम्ही दुसरे पाहिले नाही. त्यात आशा पुसलेली नाही, हे लक्षात घ्या. ती चौकोनाबाहेर जातेच. पण चौकोनही काढला आहे आणि बारीक रेघाही सोडलेल्या नाहीत. आमच्या पोराच्या पुठ्ठ्यावर नुसती बाहेर गेलेली रेघ होती.

म्हणून आता अभ्यासिकेत आम्ही थोडी वेगळी रीत धरली आहे. ही काही मोठी गोष्ट नव्हे. नवा मुलगा किंवा मुलगी आली (आता मुली जास्त येतात) की त्याला कागद देतो. वर काय व्हायचे ते लिही. खाली उद्या सकाळी सहा वाजता तू कुठे बसला असशील ते लिही. आणि मधे काय आडवे येईल ते लिही, लाजू नकोस. मग जे कागदावर येते त्याने आमचेच डोळे उघडतात. एकीने लिहिले, सकाळी नळाला पाणी येते ते भरावे लागते. एकाने लिहिले, अब्बांच्या गाड्यावर कांदा चिरायला बसावे लागते. तिच्या भावाने पाणी भरावे म्हणून आम्ही तिच्या घरी जाऊन बोललो. तिघांनी तीन दिवस खर्ची घातले तेव्हा कुठे तो उठला. उंटाला आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही तिर्मिजींच्या संग्रहातली शिकवण जुम्याच्या खुत्ब्यात आम्ही शंभरदा ऐकली असेल. दोरी कधी कधी दुसऱ्याच्या घरातून मागून आणावी लागते, हे मात्र खुत्ब्यात कोणी सांगितले नव्हते.

तो मुलगा पुढे उपजिल्हाधिकारी झाला नाही. तिसऱ्या खेपेला बसलाही नाही. दोन वर्षे घुम्यासारखा होता, जुम्यालाही मागच्या सफेत उभा राहायचा आणि सलाम फिरवला की निघून जायचा. मग एका तालुक्याच्या गावी लिपिकाची जागा निघाली, ती त्याने काढली. आता लोकांचे उतारे आणि दाखले त्याच्या टेबलावरून जातात. अडलेला कागद तो पैसे न घेता सोडवतो असे त्या गावचे लोक सांगतात. याला यश म्हणायचे की नाही हे त्याला विचारले तर तो हसतो. आम्हांलाही ठरवता आलेले नाही.

त्या अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे दिवे २०१७ साली सरकारनेच काढून टाकले. पुठ्ठ्यावर मात्र गाडीही आहे आणि दिवाही. मागच्या बकरी ईदला आम्ही त्या घरी गेलो होतो तेव्हा तो मुलगा खुर्चीवर चढून पुठ्ठा काढत होता. भिंतीला रंग द्यायचा होता. अम्मी आतून हात पुसत आली. "रहने दे रे," ती म्हणाली, "उसके पीछू लाइट के बिलां हैं मेरे." त्याने पुठ्ठा हळूच उलटा करून पाहिला. मागे खिळ्याला दोऱ्याने ओवलेली बिले होती, २०१० पासूनची, सगळी भरलेली. त्याने तो परत होता तिथे लावला आणि रंगाऱ्याला सांगितले, एवढी जागा सोडून दे.